बंदुकीचं मुसकं

माझ्या सासरी बंदूक होती, पण ती मारण्यासाठी नव्हती. ती ओरडण्यासाठी होती.

बार्शीटाकळीच्या अलीकडे आमचं गाव, गावाच्या टोकाला आमचं घर, आणि घराच्या मागच्या दारातून पाय बाहेर टाकला की ज्वारी. दाणा भरायला लागला की उजाडताना आणि दिवेलागणीच्या आधी रोह्यांचे कळप शिरत, रानडुकरं शिरत, आणि तासाभरात असं काही करून जात की बघवत नसे. मामंजींकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, पीक राखणीचा सरकारी परवाना आणि एक जुनी ठासणीची बंदूक होती. ते शेतातल्या माळ्यावर चढत आणि नुसत्या दारूचा बार आभाळाकडे उडवत. गोळी बहुतेक वेळा घातलेलीच नसे. शहरातले लोक रोह्याला नीलगाय म्हणतात, हे सासूबाईंना कुणीतरी सांगितलं होतं. गाय हा शब्द कानी पडल्यापासून त्यांनी गोळीला बंदीच घातली होती. बार झाला की जनावरं उधळत आणि काम संपे. पत्र्याचे डबे बडवून पाहिले होते, गोफण फिरवून पाहिली होती. रोही त्याला सरावले होते. बाराला मात्र ते कधी सरावले नाहीत.

मी अमरावतीची. माझे वडील वकील. आमच्या घराण्यातले ते पहिलेच वकील, कारण त्यांचे वडील तिवस्याला शेती करत होते. पण कोट चढल्यावर बाबांना तिवसा फारसं आठवत नसे. त्यांनी मला शेतकऱ्याच्या घरात दिलं ते मुलगा मॅट्रिक झालेला म्हणून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा माझे यजमान पलटणीच्या रसदखात्यात कारकून म्हणून लागले आणि बसऱ्याला गेले. मोठी लढाई चालू होती. कारकुनाला काय होणार आहे, असं सगळेच म्हणत होते. मीही म्हणत होते, कारण दुसरं काय म्हणणार?

ते परत आले तेव्हा हातपाय शाबूत होते. सासूबाईंनी नारळ फोडला. थोडे वाळले होते, मिशी काढली होती, बाकी तसेच. मी पुरण घातलं होतं. ते जेवायला बसले, पहिला घास घेतला, आणि मागे शेतात मामंजींनी रोजचा बार उडवला.

पुढचं मी आजही नीट सांगू शकत नाही. ताट उलटलं. हे जमिनीवर पालथे पडले होते, तोंड शेणाच्या सारवणात खुपसलेलं, दोन्ही हातांची नखं भुईत रुतलेली, आणि सगळं अंग पाण्यातून काढल्यासारखं ओलं. मी हात लावला तर असे काही थरथरले की मीच घाबरून मागे सरले. दुसऱ्या दिवसापर्यंत ते बोलले नाहीत. नंतर बोलले ते अगदी शहाण्यासारखं, बैलांची चौकशी केली, चुलीला ओलं लाकूड लावू नको म्हणाले. आणि संध्याकाळी पुन्हा बार झाला आणि पुन्हा तेच.

गावाने आधी लागीर म्हटलं. उतारे झाले, लिंबं झाली. मग बाबा अमरावतीहून आले, त्यांनी एका डॉक्टरला विचारलं होतं. मामंजींना बाबांचं कोणतंच म्हणणं कधी पटत नसे. लग्नात मानाच्या पागोट्यावरून दोघांचं जे बिनसलं होतं ते शेवटपर्यंत बिनसलेलंच राहिलं. पण या एका गोष्टीत दोघा व्याह्यांचं एकमत झालं: ज्वारी शेतात उभी आहे तोवर हे सावरले तर ठीक, नाहीतर यांना नागपूरला, वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं. हे दोघांनी पुढच्या ओसरीवर ठरवलं. मी आत भाकरी थापत होते. माझ्या हातातली भाकरी फाटली, ती मी पुन्हा गोळा करून थापली, कारण मला कोणी काही विचारणार नव्हतं आणि सुनेने सासऱ्याशी थेट बोलायची आमच्या घरी रीतच नव्हती. जे काही असेल ते सासूबाईंमार्फत.

बार बंद करायचा तर पीक जाणार. बार चालू ठेवायचा तर माणूस जाणार. मग मामंजींच्या डोक्यात आलं की बार राहू द्यावा आणि आवाज तेवढा कमी करावा.

आता हसू येतं. तेव्हा आलं नाही.

मळणीच्या वेळी बैलाने कणसात तोंड घालू नये म्हणून त्याला मुसकं बांधतात. मामंजी म्हणाले, तसंच बंदुकीला बांधू. लोहाराच्या भात्याजवळ बसून त्यांनी एक काहीतरी करून आणलं. त्यात डबडं होतं आणि चिंध्या होत्या, एवढं मी पाहिलं. बाकीचं पाहिलं नाही आणि पाहिलं असतं तरी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पण ते त्यांनी ज्या काळजीने आणलं, धोतराच्या सोग्यात गुंडाळून, ते मला आठवतं. या माणसाने मुलाला कधी जवळ घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

"त्याले काई सांगू नका," ते सासूबाईंना म्हणाले. "सांगतलं का तो आधीच आंग आखडून बसते. गुपचूप उडवून पाहू."

गुपचूप उडवलं. आवाज होता तेवढाच झाला, वर पत्रा फाटल्याचा आवाज त्यात पडला. मुसकं उडून कपाशीत गेलं आणि मामंजींची डावी मिशी होरपळली. यांचं जे व्हायचं ते झालंच. सासूबाई एक डोळा मुलाकडे आणि एक नवऱ्याच्या मिशीकडे ठेवून रडत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, "आता लोकाईले का सांगान, दिवाई होती म्हून?"

ही बातमी अमरावतीला पोचायला किती वेळ लागणार. बाबा आले ते नाकावर चष्मा घट्ट बसवूनच. असल्या गोष्टी घरी होत नसतात, त्याचं शास्त्र असतं, विलायतेत त्यासाठी कारखाने आहेत, असं त्यांनी ओसरीवर बसून सांगितलं. जंगलखात्यातला एक साहेब त्यांच्या ओळखीचा होता. सेमाडोहच्या बाजूला त्याचा मुक्काम असे आणि अमरावतीला आला की बाबा त्याच्याशी टेनिस खेळत. खेळत म्हणजे हरत. त्या साहेबाकडे रायफल होती आणि तिच्या तोंडावर बसवायची एक खास नळी होती, आवाज गिळणारी. बाबांनी त्याला गळ घातली. मामंजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण साहेब घरी येतो म्हटल्यावर त्यांनी अंगण सारवून घेतलं.

साहेब अकोल्यापर्यंत रेल्वेने आणि तिथून आमच्या दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून आला. लालबुंद, उंच, दारात वाकून शिरणारा, स्वभावाने बरा माणूस. त्याने ओसरीवर रायफल आणि नळी दोन्ही ठेवल्या, आणि मी दाराआडून पाहिलं. काळी, गुळगुळीत, घड्याळासारखी नेटकी वस्तू. ती रायफल आणि ती नळी एकमेकींसाठीच घडवलेल्या होत्या, हे मलाही कळत होतं. मामंजींनी नळी हातात घेतली, उलटसुलट केली आणि खाली ठेवली. माझं मन त्या वेळी मामंजींच्या बाजूला गेलं. त्यांचं डबडं कुचकामी होतं, पण ते आमच्यासाठी केलेलं होतं. ही नळी कुणा शिकाऱ्यासाठी केलेली होती, ज्याला जनावर मारायचं असतं आणि बाकीच्या जनावरांना कळू द्यायचं नसतं.

साहेब खोटं बोलला नाही, हेही सांगायला हवं. मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत त्याने स्पष्ट सांगितलं की नळीने रायफल मुकी होत नाही, हळू बोलते एवढंच. गोळी वेगाने जाते ती स्वतःही हवेत कडाडते, तिला कोणती नळी गप्प करणार? आणि आमच्या ठासणीच्या बंदुकीवर ती बसणार नव्हतीच. बाबा म्हणाले, आधी परिणाम तर पाहू, मग परवान्याचं आणि रायफलीचं मी बघतो. आणि मग वकिली थाटात म्हणाले, "जावईबापूंना आधी सांगायचं नाही. सांगितलं तर परीक्षा खरी होणार नाही."

म्हणजे दोघा व्याह्यांचं दुसऱ्यांदा एकमत झालं.

त्या संध्याकाळी हे मागच्या ओट्यावर बसून अंबाडीच्या वाखाचं दोरखंड वळत होते. हातांना काम असलं की त्यांना बरं वाटे. ऊन कललं होतं. डुकरांचा कळप ज्वारीच्या कडेला आला, अगदी आमच्या ओट्यावरून दिसेल असा, आणि मुळं उकरू लागला. साहेब आणि दोघे व्याही गोठ्याच्या भिंतीआड होते. मी दारात उभी होते.

जाड सतरंजीवर कुणी काठी मारावी तसा एक आवाज झाला. वर हवेत एक चट्‌ झालं. बस्स. कळपातलं सगळ्यात मोठं डुक्कर उभ्या जागी कोसळलं. आणि बाकीची डुकरं? त्यांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा उकरायला लागली. एक तर मेलेल्याला वळसा घालून पुढे सरकलं आणि निवांतपणे ज्वारी खाऊ लागलं.

"शाबास!" बाबा भिंतीआडून म्हणाले.

मी यांच्याकडे पाहत होते. हे पडले नाहीत. दोर हातातून सुटला. ते उठले, त्या डुकराकडे पाहत हळूहळू चार पावलं गेले, आणि मग वळून आभाळाकडे, झाडाकडे, घराच्या छपराकडे बघू लागले. "कुठून?" ते म्हणाले. आधी हळू. मग ओरडून. "कुठून आली? कुठून?" असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता आणि नंतरही ऐकला नाही. ते भिंतीला पाठ लावून बसले आणि डोळे मिटायलाही घाबरू लागले, कारण मिटले तर काय येतंय ते दिसणार नाही. सासूबाईंनी डोक्याला हात लावला. साहेबाने टोपी काढली. मोठा आवाज झाला नव्हता, तरी इतकं वाईट यापूर्वी कधीच झालं नव्हतं.

सकाळी साहेब गेला. दमणी त्याला सोडून परत आली की, ज्वारी निघायची वाट न बघता, त्याच दमणीतून यांना अकोल्याला आणि तिथून नागपूरला न्यायचं ठरलं. बाबा सोबत जाणार होते. मला वळकटी बांधायला सांगितलं. मी सदरे घड्या करून ठेवत होते, हे कोपऱ्यात पाटावर बसले होते, आणि एकाएकी माझा संताप संताप झाला. कुणावर ते आजही सांगता येणार नाही. बंदुकीवर, व्याह्यांवर, लढाईवर, यांच्यावरही. मी हातातला सदरा भिंतीवर फेकला.

"तुम्हाला नक्की होतं तरी काय?" मी म्हटलं. "मोठा आवाज चालत नाही, लहान चालत नाही, नसला तरी चालत नाही. मग पाहिजे तरी काय तुम्हाला?"

ते म्हणाले, "मले हे आज पयल्यांदा कोणी इचारलं."

आणि त्यांनी सांगितलं. मी मध्ये बोलले नाही. मला ते जमतं असं लोक मानत नाहीत, पण त्या दिवशी जमलं.

"तिथं नदीच्या काठी आमचा डेपो होता," ते म्हणाले. "डेपोच्या मांगंच आपल्या फौजेच्या तोफा होत्या. दिवसभर वाजत. पण उडवाच्या आधी हवालदार वरडे. तो वरडला का आमी कानावर हात ठेवत होतो, बार झाला का पुन्ना चहा पेत होतो. तोफ वं, बंदूक नाई. तिची कधी भीती नाई वाटली. भीती समोरून येनाऱ्या गोळ्याची. तो सांगून येत नव्हता. बाजूले बसलेला मानूस बोलता बोलता..." इथे ते थांबले. "मले आवाजाचं काई नाई. यून राह्यला हे समजलं पायजे. तुमी आवाज लहान करून राह्यले. लहान झाला तरी तो न सांगताच आला ना? आन काल तं आवाजच नाई. नुसतं डुक्कर पडलं."

मी उठले. पदर डोक्यावरून घेतला आणि पुढच्या ओसरीवर गेले. तिथे बाबा आणि मामंजी दोन टोकांना, दोन दिशांना तोंडं करून बसले होते. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या, त्यांना बोलवायला मी थांबले नाही.

"मामंजी," मी म्हटलं. बाबांच्या हातातली अडकित्त्यासकट सुपारी तशीच राहिली. "बार उडवायच्या आधी त्यांना हाक मारा. मोठ्याने. बार होतोय म्हणून सांगा आणि मग उडवा. मुसकं नको, नळी नको."

सुनेचा आवाज थेट कानावर पडल्याचा धक्का मामंजींना जास्त बसला की माझ्या म्हणण्याचा, कोण जाणे. ते जमिनीकडे बघत होते. "येवढंच?" शेवटी ते म्हणाले, माझ्याकडे न पाहता, जणू खांबाला विचारत होते.

बाबांना मात्र उलटतपासणीची सवय. "पण असं आधी ओरडून उडवली तर जनावरं पळून जातील की!"

मामंजींनी मान वर केली. त्यांची अर्धी होरपळलेली मिशी हलली. "पयाले तं बरंच हाय ना, इवाईबुवा," ते म्हणाले. "आपल्याले का त्याईले जेवाले बोलवाचं हाय?"

बाबा हसले. मामंजीही हसले. लग्नानंतर त्या दोघांना एकत्र हसताना मी तेव्हाच पाहिलं. मग बाबांनी चष्मा काढला आणि पाठ फिरवून बराच वेळ पुसत बसले. न सांगण्याचा आग्रह दोघांनीही धरला होता, हे दोघांनाही कळलं असावं. कोणी ते बोललं नाही आणि मीही काढलं नाही. बाप होते बिचारे दोघेही.

दमणी आली, पण तिचे बैल सोडून टाकले. संध्याकाळी हे ओट्यावर बसले, मी मुद्दाम थोड्या अंतरावर. रोही शिरले होते. माळ्यावर मामंजी उभे राहिले. त्यांचा गळा मोठा, चार शेतं ओलांडून जाणारा, पण आयुष्यभर तो गड्यांवर आणि बैलांवरच वापरलेला.

"पोरा!" त्यांनी हाक मारली. "आयकून राह्यला का? बार होऊन राह्यला रे!"

यांनी ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. ओठ पांढरे पडले. रोही हाकेलाच कान टवकारून उभे होते. बार झाला. धूर वर गेला, रोही उधळले, आणि हे बसले होते. घाम सुटला होता, श्वास भात्यासारखा चालला होता, पण बसले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं. मी आणायला आत गेले आणि रांजणाजवळ उभी राहून रडून घेतलं, कारण पाणी आणायला उशीर झाला तरी त्या दिवशी कोणी बोलणार नव्हतं.

ते पूर्ण बरे झाले असं मी म्हणणार नाही. दिवाळीत ते मळ्यातल्या खोपीत जाऊन राहत, आणि मागून कोणी खांद्यावर हात ठेवलेला त्यांना शेवटपर्यंत चालला नाही. पण नागपूरचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. मामंजी थकल्यावर माळ्यावर हेच चढू लागले. स्वतः बंदूक उडवणाऱ्याला सूचना कशाला लागते? तरी ते आधी हाक देत. आमची मुलं त्यांची नक्कल करत, घागर उचलायच्या आधी, शिंकायच्या आधीसुद्धा, "बार होऊन राह्यला रे!" हे ऐकून ते हसत. आजूबाजूच्या शेतांतले लोकही हळूहळू तसंच करू लागले. का, ते त्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं.

मामंजींचं मुसकं पुढे कपाशी वेचताना सापडलं. सासूबाईंनी ते टाकलं नाही. तुळशीपाशी वारा असला की दिव्यावर आडोसा म्हणून त्या ते ठेवत, आणि ते एक काम त्याने नीट केलं. साहेबाची नळी साहेबाबरोबर गेली. ती ज्या कामासाठी घडवली होती त्या कामात तिच्यासारखी दुसरी वस्तू नसेल. आमचं काम दुसरं होतं. मुसकं बरं की नळी बरी, याचा खल दोन शहाण्या माणसांनी किती केला, आणि दुखणं आवाजात नव्हतंच.

हे गेले ते बऱ्याच वर्षांनी, म्हातारे होऊन. ज्वारी भरात होती. खाट त्यांनी हट्टाने मागच्या ओट्यावर टाकायला लावली होती. दुपारची वेळ, मी शेजारी बसून तूर निवडत होते. दोन दिवस ते फारसे बोलले नव्हते. एकाएकी त्यांनी मला हाक मारली, बारीकच आवाजात, पण तीच हाक.

"आयकून राह्यली का वं?" ते म्हणाले. "मी निघून राह्यलो."

मी सूप खाली ठेवलं. कानांवर हात ठेवले नाहीत. दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "हो. ऐकते आहे."